विमानाला बेगड

रंग काय, कुणीही देतो, असं म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटली, आणि त्यांतल्या एकालाही कधी धड रंग देता आला नाही. ब्रश धरायचा कसा हे माहीत नसतं, डबा तळापासून ढवळायचा असतो हे माहीत नसतं, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो हे तर सांगूनही पटत नाही. मत मात्र असतं, आणि ते दणकट असतं. आमच्या घरात हे मत माझ्या धाकट्या चुलत्यांकडे होतं. त्यांना मी काका म्हणायचे. घरात रंगाचं काहीही निघालं की सगळे त्यांच्याकडे बघायचे, आणि तेही खाकरून पुढे व्हायचे.

आमची वस्ती श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या बाहेर, कॅनॉलच्या कडेला. ऊस, गहू, चार बैल, एक ट्रॅक्टर. काकांनी घराचा पुढचा दरवाजा रंगवला तेव्हा त्याच्याबरोबर कडी रंगवली, कोयंडा रंगवला, कुलूपही रंगवलं. पुढे कितीतरी दिवस कडी कोयंड्याला चिकटून बसायची आणि आई आतून लाटण्यानं ठोकून दार उघडायची. ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवली तेव्हा हौसेनं टायरलाही पिवळा पट्टा दिला. तो पहिल्याच खेपेला चिखलात गेला, तर म्हणाले, चिखलच वाईट हाय यंदाचा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात मात्र सगळी वाडी त्यांचं नाव घ्यायची. घेईना का. बैल काही तक्रार करत नव्हते.

आता विमानाचं सांगते. माझा मामा मुंबईला बंदरावरच्या एका कचेरीत होता. त्याला कुणा बोटीवरच्या माणसानं एक भलंमोठं खोकं दिलं. मामाला त्यात रस नव्हता आणि मला चित्रकलेचं वेड आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून येताना ते खोकं तो आमच्याकडे घेऊन आला. आत लढाऊ विमान होतं, म्हणजे विमानाचे सुटे तुकडे, प्लास्टिकच्या काड्यांना लगडलेले. ते एकेक काढायचे, कडा घासायच्या आणि आतल्या कागदावरचं चित्र बघून चिकटवायचे. लहान मुलांच्या खेळण्यातलं विमान नव्हतं ते. जोडून झालं तेव्हा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगले हातभर भरले. पोटात इंजिन होतं, इंजिनाला नळ्या होत्या, वर पारदर्शक टप होता आणि त्याखाली बोटाएवढा वैमानिक बसलेला. आणि पंखांच्या पत्र्यावर खऱ्या विमानाला असतात तसे रिवेटांचे ठिपके, मोहरीहून बारीक, ओळीनं. नुसते हातानं चाचपले तरी कळायचे. सगळ्या विमानात माझा जीव कशावर होता तर त्या ठिपक्यांवर.

पावसाळा सुरू झाला तेव्हापासून मी ते जोडत होते. भाकरी, धुणं, गोठा आटोपून जो वेळ उरेल तो विमानाचा. मॅट्रिक झाले होते, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते आणि नगरला चित्रकला-शिक्षकाचा कोर्स असतो हे मला कळलं होतं. कळलं होतं म्हणजे काय, त्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांच्या मागे मी इतकी लागले की एक दिवस ते जेवता जेवता थांबले.

"गनपतीत मंडळ परदर्शन भरवतंय," ते म्हणाले. "तुझ्या इमानाचा पयला नंबर आला तर जूनला तुला नगरला घालतो. न्हाई आला तर आलेली स्थळं बघायची. मंग बोलायचं काम न्हाई."

मी हो म्हणाले. दादा बोललेलं फिरवत नाहीत असं तेव्हा सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. आणि विमानावर माझा भरवसा होता. युद्ध होऊन दुसरं वर्ष चालू होतं, आभाळात घरघर झाली की अजून माणसं खुरपं टाकून वर बघायची. असल्या दिवसांत असलं विमान पंचक्रोशीत कुणाकडे होतं? फक्त रंग द्यायचा राहिला होता.

कागदावर रंगांची नावं आणि नंबर होते. बारक्या बारक्या डब्यांतले खास रंग, आधी खास अस्तर, मग वरचे हात. ते सगळं विलायतेत. आमच्याकडे श्रीरामपूर. काकांच्या सायकलवर मागे बसून मी श्रीरामपूरला हार्डवेअरच्या दुकानात गेले. काका कशाला, तर मुलगी एकटी कशी जाणार, आणि रंगातलं तिला काय कळणार.

दुकानदार म्हणजे आणखी एक नग. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर काकांना द्यायचा.

"प्लास्टिकला लावायचा प्रायमर आहे का?" मी विचारलं.

"प्लास्टिक रंगीतच येतं," तो काकांना म्हणाला. "वरनं रंग कोण देतं? बादलीला देता का तुम्ही?"

"न्हाई," काका म्हणाले. हे त्यांना एकदम पटलं.

"बादली नाही, विमान आहे," मी म्हणाले. "रंगीत प्लास्टिक नाही, पांढरं आहे. त्याला अस्तर लागतं, नाहीतर रंग धरत नाही."

"मग रेड ऑक्साइड न्या. गेटला, खिडकीला, पाइपाला, सगळ्याला चालतो." हेही काकांनाच. "नाहीतर मोटारीला मारतात तो न्या. थिनरमध्ये कालवायचा. हात फिरवला की वाळला."

मोटारीचा रंग म्हटल्यावर काकांचे डोळे लकाकले. मी नको म्हणाले. का नको, ते मला तरी कुठे माहीत होतं, पण ज्या माणसाला विमान आणि बादली यांत फरक दिसत नाही त्याचं ऐकायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. मी लाकडाला लावायचा पांढरा प्रायमर घेतला, सगळ्यात लहान डबा. टर्पेंटाइन घेतलं. काळ्या ऑइल पेंटचा लहान डबा आणि हिरव्याचा लहान डबा.

काकांनी लाल रंगाचा मोठा डबा उचलला. मोठ्या डब्यात सवस्ताई असती म्हणाले, आणि उरलेला ट्रॉलीला होईल. म्हणजे स्वस्त काय, तर जे आपल्याला आधीच हवं आहे ते. त्या डब्याच्या पैशात मला निळा आणि तपकिरी आला असता. शिवाय पोळा तोंडावर आला होता म्हणून त्यांनी शिंगांसाठी तांबडा हिंगूळ घेतला आणि बेगडाचे चकचकीत कागद घेतले, सोनेरी आणि रुपेरी. दुकानदारानं थिनरची बाटली गळ्यात मारली तीही घेतली.

परतताना सायकल चालवता चालवता काकांनी विचारलं, "हिरवा आन काळा कशाला गं?"

"हिरवा आणि मातकट, असे पट्टे द्यायचेत. लढाऊ विमानाला तसेच असतात."

"मातीच्या रंगाचं इमान? मंडपात दिसंल तरी का ते?"

"दिसू नये म्हणूनच तो रंग असतो, काका. वरून शत्रूला जमीन वाटली पाहिजे."

"मंग दिसलंच न्हाई तर नंबर कसा यायचा?"

मूर्ख माणूस कधीकधी असं बोलतो की त्याला उत्तर देता येत नाही, आणि त्याला वाटतं आपण जिंकलो. काका तिथून घरापर्यंत शीळ घालत आले.

विमानाला हात लावायच्या आधी मी उरलेल्या प्लास्टिकच्या काड्यांवर सगळं लावून बघितलं. ट्रॉलीचा थोडा रेड ऑक्साइड घरात होता. तो लावला तर वाळल्यावर खरखरीत झाला, वाळू टोचल्यासारखा. त्याखाली रिवेट कुठले दिसायला. मग थिनर. एका काडीला चिंधीनं थिनर लावलं आणि बघते तर काडी बोटाला चिकटली, पाकासारखी मऊ झाली आणि मधून वाकली. त्या दुकानदाराचं ऐकलं असतं तर विमानाचा लगदा झाला असता, आणि तो म्हणाला असता प्लास्टिकला रंग कोण देतं. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि ती ज्वारीच्या कणगीमागे लपवून ठेवली.

लाकडाचा प्रायमर डब्यात धिरड्याच्या पिठाइतका दाट होता. तो टर्पेंटाइनमध्ये सैल केला, दादांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, पुन्हा गाळला, आणि त्यात काळ्याचा थेंब टाकला तेव्हा करडा झाला. टर्पेंटाइननं काडीला काही केलं नाही. परीक्षेसाठी घेतलेला बारीक ब्रश होता, त्यानं एक पातळ हात दिला. वाळल्यावर नखानं खरवडून बघितला. निघाला नाही. तपकिरीचाही प्रश्न सुटला. काकांच्या लालमध्ये माझा हिरवा आणि थोडा काळा घातला की छान ओल्या मातीचा रंग होत होता. विलायती डब्यांवाचून माझं काही अडलं नव्हतं.

मग विमानाला अस्तर दिलं. हवा दमट होती, वाळायला वेळ घेत होतं, म्हणून आडोशाला फडताळावर ठेवलं आणि वरून धूळ बसू नये म्हणून परात झाकली. परात उचलून दुसरा हात द्यायला बसले तेव्हा उजेड तिरपा आला होता आणि पंखांवरचे रिवेट एकूण एक दिसत होते. प्लास्टिक कुठल्या कुठे गेलं होतं, तो पत्रा होता. खरं सांगते, पुढे मला मुलगा झाला तेव्हाही इतका आनंद झाला नाही. मुलगा काय, होतोच.

काका डोकावले. "आगं, ह्ये काय? राख फासल्यावानी दिसतंय."

"हा खालचा हात आहे, काका. रंग यावर द्यायचा. तुम्ही हात लावू नका."

"व्हय व्हय," काका म्हणाले. व्हय व्हय म्हणाले की त्यांनी काही ऐकलेलं नसायचं. हे मला ठाऊक होतं, पण थिनर लपवलेलं होतं, तेव्हा मला वाटलं फार काही बिघडवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. आदल्या साली दुष्काळामुळे पोळा नावालाच झाला होता, त्यामुळे यंदा सगळ्यांना दुप्पट जोर चढला होता. मला आणि आईला पहाटेपासून चूल. पुरण शिजवा, वाटा, पोळ्या लाटा, कटाची आमटी करा, गडी, पाहुणे, बैल सगळ्यांचं करा. अंगणात पुरुषांची गडबड चालली होती. तिथून सकाळभर खरड खरड असा आवाज येत होता. पोळ्याला शिंगांना रंग लावायच्या आधी फुटक्या काचेनं शिंगं खरडून काढतात. मागल्या सालचा रंग निघाला पाहिजे, वरची खवलं निघाली पाहिजेत, शिंग गुळगुळीत झालं पाहिजे, तरच हिंगूळ नीट बसतो. हा आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. तो आवाज ऐकत मी पुरण वाटत होते.

दुपारी बैलांना ओवाळायला ताट घेऊन बाहेर आले. बैल उभे होते, अंगावर झुली, शिंगं लालभडक, त्यांवर बेगड. आणि त्यांच्या पलीकडे हौदाच्या काठावर पोत्यावर माझं विमान ठेवलं होतं.

तेही लालभडक होतं. पंखांची टोकं हिंगुळानं आणखी लाल केलेली. पंखांवर सोनेरी बेगडाचे चांद, शेपटीवर रुपेरी बेगड. वरच्या पारदर्शक टपावरही रंग दिला होता, त्यामुळे आतला वैमानिक अंधारात गेला होता. शेपटीला लोकरीचा गोंडा बांधला होता. मी ताट खाली ठेवून पंखावरनं बोट फिरवलं. गुळगुळीत. सगळे रिवेट गेले होते. ओल्या रंगाखाली काचेचे ओरखडे लागत होते.

"काका, हे काय केलंत?"

"तुझा तो राखाडी रंग लई चिवट," काका कपाळाचा घाम पुसत म्हणाले. खरोखरच दमले होते. "काचंनं खरडून काढावा लागला. जुना रंग काढल्याबिगर नवा धरत न्हाई."

"तो जुना नव्हता. तो खालचा होता. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"खाली आसला म्हंजी जुनाच की." त्यांना यात काही खोट दिसत नव्हती. "आन पंखांवर बारीक बारीक पुटकुळ्या आल्त्या. त्या बी काढून टाकल्या. आता बघ, कसं शिंगावानी झालंय."

मला रडू आलं नाही. मला काकांचा तिरस्कार वाटला. राग नव्हे. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट शिकला होता, बैलाचं शिंग रंगवणं, आणि त्याच्या लेखी जगात जे काही होतं ते सगळं शिंगच होतं. दार शिंग, ट्रॉली शिंग, विमान शिंग. थिनरची बाटली मी लपवली होती. फुटकी काच लपवावी हे मला कसं सुचणार?

दादा आले, त्यांनी विमानाकडे मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "आत्ता कसं जित्तं वाटतंय."

"दादा, त्यांनी सगळं घालवलं. विमान असं नसतं."

"सनासुदीचं त्वांड वाकडं करू नगं. येवढं राबलाय त्यो तुझ्यासाठी."

"निवद ठेव बैलांम्होरं," आई मागून हळूच म्हणाली. "पोळ्या गार हुत्यात."

मी नैवेद्य ठेवला. त्या बैलांना काय, पुरणपोळी मिळाली.

सणाच्या गडबडीत रंग वाळून गेला. आता तो काढायचा तर थिनर लागणार होतं, आणि थिनरनं विमानच वितळलं असतं. काही करता येण्यासारखं नव्हतं. पोळ्यामागोमाग गणपती येतातच. तेवढ्या दिवसांत मी फक्त तो गोंडा सोडला. काकांनी तो परत बांधला.

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये होतं. काय काय ठेवलं होतं म्हणून सांगू. काड्यापेट्यांचं देऊळ, साबणात कोरलेला ताजमहाल, भुईमुगाच्या टरफलांची भारतमाता. एका महाभागानं उसाच्या चिपाडांचा साखर कारखाना केला होता आणि त्याच्या धुराड्यात उदबत्ती लावून ठेवली होती. या सगळ्यांत आमचं विमान बेगडानं झगमगत उभं होतं, आणि माझी मान खाली होती. कुणी बघायला आलं की मी कारखान्याकडे बघायचे.

नंबर काढायला पंचायत समितीतले एक साहेब आले. उशिरा आले, डोळ्यांवर काळा चष्मा तसाच, मागे मंडळाची पोरं. देवळासमोर थांबले नाहीत, ताजमहालासमोर थांबले नाहीत, आमच्यासमोर मात्र गपकन थांबले.

"वा," ते म्हणाले. "काय चकाकी आहे. अगदी खरं विमान."

खरं विमान या गृहस्थानं कधी पाहिलं असेल तर खालून, मान वर करून, तेही गेल्यावर. पण बोलणार कोण?

"कोणी केलंय हे?"

दादांनी काकांना कोपरानं पुढे ढकललं. काका टोपी सारखी करत म्हणाले, "जोडलंय आमच्या पोरीनं, साहेब. रंगरूप मी दिलंय."

हे त्यांनी सरळ मनानं सांगितलं, माझं नाव गाळलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जोडायला काय," ते म्हणाले, "जोडतो कोणीही. सगळी मजा रंगात आहे." आणि बेगडाच्या चांदावर बोट टेकवून बघितलं.

पहिला नंबर आला. काकांना फेटा बांधला, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या सगळ्यांची कीव आली, आणि मग एकदम ध्यानात आलं की नंबर आला होता. कसा का येईना, आला होता. घाणेरड्या रंगाला येवो, बेगडाला येवो, गोंड्याला येवो, मला त्याच्याशी काय करायचं होतं? मला जूनमध्ये नगरला जायचं होतं. घरी येईपर्यंत मी मनात वसतिगृहातली खाटसुद्धा मांडली. काकांबद्दलही जरा बरं वाटायला लागलं. त्यांना चहा मी आपणहून करून दिला.

सकाळी दादा धार काढायला बसले होते. काका बैलांना वैरण टाकत होते. मी चरवी धरून उभी राहिले आणि विचारलं, "दादा, नगरला अर्ज कधी करायचा?"

"कशाचा?"

"कोर्सचा. पहिला नंबर आला ना."

दादांनी मान वर केली नाही. धार चालू होती. "नंबर कशाला आला?"

"विमानाला."

"रंगाला आला. साहेब सोताच्या तोंडानं म्हनला. आन रंग कोनी दिला?"

"मी जोडलं नसतं तर रंग कशाला दिला असता काकांनी?"

"जोडायला काय, कागदावर लिवल्यालं हुतं समदं. म्या बगितलाय त्यो कागद." दादा चिडले नव्हते. त्यांना हे अगदी सरळ दिसत होतं. "आन रंगाचंच शिकायचं आसंल तर नगर कशाला पायजे? घरात पयल्या नंबरचा मानूस हाय."

मला वाटलं काका काहीतरी बोलतील. ते बोलले. पेंढी खाली ठेवून माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"शिकवीन की मी," ते म्हणाले. "पुढल्या पोळ्याला एक बैल तुझ्याकडं."

त्यांनी हे प्रेमानं म्हटलं, आणि माझ्यानं तेच सहन झालं नाही. त्यांनी मला डिवचलं असतं, हसले असते, तर मी चरवी आपटून काहीतरी बोलले असते. पण डोक्यावर हात ठेवणाऱ्या माणसाला काय बोलायचं? आपण हिचं काय केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि दादांच्याही नव्हतं. मी दूध घेऊन आत गेले. तिथून पुढे कोर्सचं नाव मी घरात काढलं नाही, आणि कुणी मला विचारलंही नाही. स्थळं यायला लागली.

वैशाखात लग्न ठरलं. स्थळ राजूरचं. तिथल्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, डोंगरातल्या वाड्यांवरची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायची. माणसं बरी होती, मला काही तक्रार करायची नव्हती, आणि केली असती तरी ऐकायला कोण होतं?

लग्नात रुखवत मांडलं. रुखवत म्हणजे नवरीच्या हातच्या वस्तू, मांडवात एका बाजूला टेबलांवर मांडायच्या, नवऱ्याकडच्यांनी बघायच्या आणि सून किती गुणाची आहे ते ठरवायचं. शेजारणींनी सगळं जमवलं होतं. मण्यांचे पोपट, लोकरीचा ससा, भरतकामाची उशी, यातलं निम्मं माझ्या हातचं नव्हतंच, पण ते कुठे असतं. आणि सगळ्यांच्या मधोमध उंच पाटावर विमान. काकांनी त्याला नवा लाल हात दिला होता आणि जुनं बेगड खरडून ताजं लावलं होतं.

अक्षता पडल्या, हार घातले गेले, मी पदर सावरत पाटावर बसले. माझे सासरे रुखवत बघत बघत विमानापाशी आले आणि वाकले. त्यांना ते फार आवडलं. असलं काही आमच्या भागात कुणाच्या रुखवतात पाहिलं नाही म्हणाले.

"हे कोणी केलं, व्याही?" त्यांनी विचारलं.

"पोरीनंच," दादा म्हणाले. "लई हात हाय तिचा. गनपतीत पयला नंबर आल्ता तिचा."

सासऱ्यांनी कौतुकानं माझ्याकडे वळून बघितलं. वाजंत्री जोरात चालली होती. काका दादांच्या शेजारीच उभे होते, डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं. त्यांनी मान हलवली आणि व्याह्यांना नीट ऐकू जावं म्हणून जरा पुढे सरकले.

"रंग बी तिनंच दिलाय," ते म्हणाले.